गोव्याच्या दमट हवेत दाढीचा ब्रश: हजाराच्या आत काय घ्यावं?

प्रश्न डिचोलीच्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: सेफ्टी रेझर घेतला, ब्लेडं स्वस्त पडतात, पण क्रीम अजून बोटांनीच चोळतो. आता ब्रश घ्यायचाय. बजेट पाचशे, फार तर हजार. डुकराच्या केसांचा घ्यावा, बॅजर या जनावराच्या केसांचा की सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्याचा? आई डुकराचे केस म्हटल्यावर नाक मुरडते. आधी बाजारातून एक स्वस्त ब्रश आणला होता, तो पहिल्याच पावसाळ्यात कुबट झाला आणि दाढी करताना केस सोडायला लागला. शिवाय आजोबांच्या जुन्या ब्रशची मूठ घरात आहे, तिचं काही करता येईल का?

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका. सिंथेटिक घ्या. केसांच्या जुडग्याचा बुंधा २२ ते २४ मिमी, बुंध्यापासून टोकापर्यंत उंची ५० मिमीच्या आसपास, मूठ प्लास्टिकची किंवा रेझिनची. पाचशेपासून हजारापर्यंत असा ब्रश नक्की मिळतो आणि नीट वापरला तर कित्येक वर्षं चालतो. आईची हरकतही मिटली.

आता हे का, ते सांगतो. फोंड्यात आमचं सलून वडिलांच्या काळापासून आहे. लाकडी खुर्ची गेली, गादीची फिरती खुर्ची आली, वस्तऱ्याच्या जागी अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा आला, पण ब्रश काही सुटला नाही. हल्ली फोमचा डबा दाबून काम उरकणारे पुष्कळ आहेत. डब्यातला फोम गालावर पडतो तो वरवर. त्यात हवा जास्त आणि पाणी कमी. ब्रशची गोष्ट वेगळी असते. दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. दोन-तीन मिनिटं कोमट पाणी लागलं की तो पाणी पितो, मऊ पडतो, आणि ब्लेडला तो कापायला बराच कमी जोर लागतो. ब्रश हे पाणी साबणात मिसळून केसांच्या मुळापर्यंत पोहोचवतो, आडवे पडलेले केस उभे करतो आणि मेलेली कातडी झाडून काढतो. जबड्याखाली, जिथे केस गोल गोल वळून वाढतात, तिथे बोटांनी लावलेली क्रीम केसांखाली शिरतच नाही. मग माणूस ब्लेड दाबतो आणि मानेवर पुळ्या आणतो. म्हणून ब्रशवर खर्च केलेले पैसे मी ब्लेडवर खर्च केलेल्या पैशांपेक्षा जास्त कामाचे मानतो.

ब्रशविषयी जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड, कोरड्या हवेतल्या लोकांनी लिहिलेलं. त्यांच्याकडे ब्रश आंघोळीच्या खोलीत उभा ठेवला की संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतो. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ ३००० मिमी पाणी पडतं. जुलैत टॉवेल वाळत नाही, चपलांवर बुरशी येते, कपाटातला चामड्याचा पट्टा पांढरा पडतो. अशा हवेत आज सकाळी भिजवलेला ब्रश उद्या सकाळीही आत ओलाच असतो. टोकं कोरडी लागतात म्हणून माणूस फसतो. ओल बसते ती बुंध्याशी, जिथे केस मुठीत गच्च चिकटवलेले असतात आणि वारा पोहोचत नाही. तिथे साबणाचा अंश असतो, कातडीचे कण असतात, आणि बुरशीला एवढं पुरे.

तुमच्या पहिल्या ब्रशचं नेमकं हेच झालं. कुबट वास बुंध्यातून येतो, आणि बुंध्याशी केस सारखे ओले राहिले की ते तिथेच कुजून तुटतात. मग सगळे म्हणतात की ब्रश हलका होता. हलका असेलही, पण चांगल्या कंपनीचा डुकराच्या केसांचा ब्रशसुद्धा आपल्या बंद बाथरूममध्ये चार महिने ठेवला तर त्याची तीच गत होते. म्हणून माझी पहिली कसोटी ठरलेली आहे: ब्रश चोवीस तासांत बुंध्यापर्यंत वाळतो का? फेस किती देतो, गालाला किती मऊ लागतो, हे त्यानंतर.

डुकराचा केस पाणी आत शोषून घेतो. हा त्याचा गुण आहे आणि आपल्या पावसात तोच त्याचा दोष होतो. सिंथेटिक धागा पाणी पीत नाही, ते धाग्यांच्या फटीत धरतो. चार वेळा झटकला आणि टॉवेलवर पुसला की बहुतेक पाणी निघून जातं. पावसाळ्यातही सकाळचा ब्रश रात्रीपर्यंत कोरडा होतो, निदान पंखा लागणाऱ्या खोलीत तरी.

याचा अर्थ डुकराच्या केसांचा ब्रश वाईट असा नाही. उलट वाटीतल्या घट्ट साबणाला त्याच्यासारखा दुसरा ब्रश नाही. केस जाड, ताठ, साबण खरवडून उचलतो. जगातल्या कितीतरी न्हाव्यांनी त्याच्यावरच जन्म काढला. इटलीत बोलोन्याला १९३१ पासून ओमेगा ही कंपनी हे ब्रश बनवते, आणि त्यांचे मोठे, उंच केसांचे ब्रश तिथल्या सलूनांत सर्रास दिसतात. पोर्तुगालमध्ये सेमोग ही ब्रशची कंपनी १९५५ पासून आहे. गोव्यात अर्ध्या घरांचं कुणी ना कुणी लिस्बनला असतं, तेव्हा डुकराचे केस चालत असतील त्यांनी डिसेंबरात सुट्टीवर येणाऱ्या आतेभावाला सेमोगचा ब्रश आणायला सांगावा. इथे ऑनलाइन आयात होऊन येतो त्यापेक्षा तिथे स्वस्त पडतो आणि बॅगेत जागा खात नाही.

पण त्या ब्रशला सवय लावावी लागते. नवा असताना जनावराचा वास मारतो. टोकं टोचतात, फेस धरून ठेवतो आणि सोडत नाही. रोज वापरत राहिलं की दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक केसाचं टोक फाटतं, एकाची दोन-तीन टोकं होतात, आणि मग तो ब्रश असा मऊ होतो की पहिल्या दिवसाचा ब्रश हाच यावर विश्वास बसत नाही. टोकं मऊ, बुंधा ताठ. ही मजा सिंथेटिकला येत नाही, हे मान्य करतो. पण पहिल्यांदाच ब्रश घेणारा माणूस या पहिल्या दोन आठवड्यांतच कंटाळून ब्रश खिडकीत टाकतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता नवशिक्याला तो सुचवतच नाही. ज्याला घ्यायचाच आहे त्याने दोन घ्यावेत आणि आलटून पालटून वापरावेत. एक दिवस काम, एक दिवस वाळण. दोघांचं मिळून तुमचं बजेट ओलांडतं.

आईच्या हरकतीबद्दल एक सांगतो. बाजारात दोनशे रुपयांना मिळणाऱ्या ब्रशवर कशाचे केस आहेत ते अनेकदा लिहिलेलंच नसतं. आमच्याकडे येणाऱ्यांत देवळातले भटजी आहेत, मुसलमान गिऱ्हाइकं आहेत, कडक शाकाहारी आहेत, आणि या सगळ्यांना हा प्रश्न पडतो. खात्री करायची सोपी रीत आहे. ब्रशमधून गळालेला एक केस चिमट्यात धरून काडी लावा. जनावराचा असेल तर केस जळाल्याचा ओळखीचा वास येतो आणि बोटांत चुरडला जाईल अशी राख होते. सिंथेटिक असेल तर तो वितळून टोकाला कडक गोळी होते. हे घरी, दुकानात नाही.

बॅजर हजाराच्या आत विसरा. त्याचे चांगले केस महाग असतात, आणि स्वस्तात बॅजर म्हणून जे विकतात ते एकतर त्या जनावराचे सर्वांत खरखरीत केस असतात किंवा डुकराच्या केसांना मधे काळा पट्टा रंगवलेला असतो. कोमट पाण्यात बुडवल्यावर पाणी करडं झालं तर समजा रंगवलेलं आहे. शिवाय २०१८ साली चीनमध्ये हे केस कसे काढतात त्याची चित्रफीत प्राणीहक्कवाल्यांनी बाहेर आणली, त्यानंतर परदेशातल्या काही दुकानांनी बॅजरचे ब्रश विकणंच बंद केलं. माझ्याकडे कुणी बॅजरविषयी विचारलं तर मी विषय बदलतो.

घोड्याच्या केसांचे ब्रशही असतात, आपल्याकडे क्वचित. त्यांचा एक जुना किस्सा मात्र सांगण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वस्त, नीट निर्जंतुक न केलेल्या केसांच्या ब्रशांमुळे इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना आणि इतरांना चेहऱ्यावर अँथ्रॅक्स झाला, काहीजण दगावले. १९२० मध्ये ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली ती यापायी. आज नावाजलेल्या कंपनीच्या ब्रशला ती भीती नाही. तरी ज्याच्यावर ना नाव ना गाव असा केसाळ ब्रश फुटपाथवरून घेताना मला ही गोष्ट आठवते.

आता सिंथेटिककडे. त्याची बदनामी झाली ती जुन्या नायलॉनमुळे. वडिलांच्या काळातले नायलॉनचे ब्रश म्हणजे मासे पकडायच्या गरीच्या दोरीचे तुकडे जुडीने बांधल्यासारखे: टोकं बोथट, गालावर ओरखडे, आणि फेस मुठीवरून कोपरापर्यंत ओघळणारा. हल्लीचा धागा तसा नाही. तो टोकाकडे निमुळता होत जातो, बारीक असतो, आणि एका जुडग्यात इतका दाट भरतात की मधे पाणी आणि फेस राहायला जागा होते. काळ्या धाग्याला पांढरी टोकं असलेला प्रकार विक्रेते टक्सिडो म्हणून विकतात, त्याहून मऊ, तपकिरी छटेचे दुसरेही आहेत. चिनी कंपन्यांनी हे जुडगे स्वस्त केले, आणि आपल्याकडच्या बऱ्याच देशी ब्रँडांच्या मुठीत तेच बसवलेले असतात. यात काही वावगं नाही. जुडगा चांगला असेल तर मुठीवर कुणाचं नाव आहे याने गालाला फरक पडत नाही.

दुकानात ब्रश हातात घेतल्यावर काय बघायचं, ते जरा तपशीलात.

खिशातलं दहा रुपयांचं नाणं काढा. ते २७ मिमीचं असतं. केसांचा बुंधा जिथे मुठीतून बाहेर येतो तिथे नाणं धरा. बुंधा नाण्यापेक्षा किंचित लहान असेल तर माप बरोबर. नाणं दोन्ही बाजूंनी भरपूर बाहेर राहत असेल तर ब्रश बारीक आहे, फेस पुरणार नाही. आपल्याकडच्या बाजारी ब्रशांचं हेच दुखणं: बुंधा १८ मिमी आणि केस साठ मिमी उंच. असा ब्रश गालावर ठेवला की लुळा पडतो, क्रीम नुसती इकडून तिकडे सारतो. उंची बुंध्याच्या दुपटीच्या थोडी वर असली की तोल साधतो. २४ ला ५० ते ५२, २२ ला ४८. उंची कमी तर ब्रश ताठ, जास्त तर मऊ आणि लुळा. चेहऱ्यावरच फेस काढणाऱ्याने ताठ घ्यावा, वाटीत फेस काढणाऱ्याला थोडा मऊ चालतो. २६ च्या वरचे ब्रश बघायला भारदस्त दिसतात, पण नाकाखाली नेले की नाकपुडीत फेस जातो.

मग टोकं मनगटाच्या आतल्या बाजूला दाबा. गालावर नको, दुकानदार ओरडेल आणि बरोबरच ओरडेल. टोचलं नाही पाहिजे. दाबून सोडलं की ब्रश उसळून परत आला पाहिजे. केस बोटांनी फाकवून बुंध्यात डोकावा. मधे पोकळी दिसली, किंवा चिकटवलेल्या गोंदाचे पिवळट थेंब केसांवर चढलेले दिसले, तर ठेवून द्या. दोन बोटांत थोडे केस धरून हलकं ओढा. एखादा हातात आला तर ठीक, नव्या ब्रशातून पहिल्या काही दाढ्यांना दोन-चार सुटे केस पडतातच. चिमूटभर आले तर गोंदात गडबड आहे.

मूठ ओल्या, साबणाच्या हातातून निसटू नये एवढी जाड आणि कंबरेत दबलेली असावी. लाकडी मूठ टेबलावर छान दिसते, पण आपल्या दमट हवेत तिचं पॉलिश सुटतं, लाकूड फुगतं, आणि जुडगा बसवलेल्या खाचेपाशी तडा जातो. धातूची जड मूठ ओल्या फरशीवर पडली की फरशी फुटते. स्वस्त ब्रशमध्ये कंपनी पैसे मुठीच्या दिखाव्यावर घालते की जुडग्यावर, हे एक नजर टाकली की कळतं. पेटी मखमली आणि ब्रश १८ मिमीचा, असं दिसलं की पुढच्या दुकानात जावं.

कुठे घ्यायचा? म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि मडगावचं न्यू मार्केट इथे सौंदर्यप्रसाधनांच्या घाऊक दुकानांत सलूनसाठी लागणारे ब्रश मिळतात. हात लावून बघायचा फायदा तिथे. पण दाट सिंथेटिक जुडगा तिथे सापडेलच याची खात्री नाही, बहुतेक माल शंभर-दोनशेचा बारीक नायलॉन असतो. ऑनलाइन घेताना मिमीमधलं माप लिहिलेलं नसेल तर ते पान बंद करा. माप लपवणाऱ्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतंच. देशी ब्रँडांत पाचशे ते नऊशेच्या मधे माप लिहिलेले ब्रश मिळतात, आणि याकीसारख्या चिनी कंपनीचा सवलतीत गवसला तर हजाराच्या आसपास. त्यावर एक पैसा जास्त घालू नका. दीड-दोन हजारांत मिळणारी जास्तीची गोष्ट म्हणजे मूठ.

तुम्ही ट्यूबची क्रीम वापरता, ते सिंथेटिकला अगदी जुळतं. इथे लोक एक गोष्ट नेमकी उलटी करतात: डुकराच्या ब्रशसारखा याला पाच मिनिटं भिजत ठेवतात. सिंथेटिकला भिजवून काही मिळत नाही, उलट पाणी जास्त राहतं आणि फेस पातळ होऊन मानेवरून गंजीफ्रॉकात जातो. कोमट पाण्यात बुडवा, दोनदा झटका, बस्स. वाटाण्याएवढी क्रीम मधोमध घ्या, ओल्या गालावर गोल फिरवा. अर्ध्या मिनिटानंतर फेस घट्ट वाटला तर टोकं नुसती पाण्याला लावून परत फिरवा. असं दोन-तीनदा. फेस चकचकीत, दह्याच्या सायीसारखा दिसायला लागला आणि त्यातले मोठे बुडबुडे गेले की तयार. शेवटी वरखाली फटके मारून सपाट करा. चेहऱ्यावर मुरुमं असतील तर गोल फिरवणं सोडाच, रंग लावल्यासारखे फटकेच मारा.

वाटीतला घट्ट साबण असेल तर आंघोळीला जाण्याआधी त्यावर चमचाभर कोमट पाणी ओतून ठेवा. बाहेर येईपर्यंत वरचा थर मऊ होतो आणि सिंथेटिकही तो सहज उचलतो. फेस काढायला वेगळी वाटी हवी असेल तर स्टीलची गुळगुळीत वाटी घेऊ नका, ब्रश नुसता घसरतो. नारळाची करवंटी आतून घासून घ्या. तळाशी थोडे ओरखडे ठेवले की फेस लवकर उठतो, आणि फुटली तर दुसरी आहेच.

पाण्याचं म्हणाल तर गोव्यात आपण सुखी आहोत. नळाचं पाणी नदीचं, मऊ, त्याला साबण लगेच लागतो. किनाऱ्याकडच्या विहिरीचं पाणी मात्र एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं, तेव्हा फेस फाटतो आणि वाटीला पांढरा चिकट थर बसतो. दोष ब्रशचा नसतो. त्या दिवसांत दाढीपुरतं नळाचं पाणी घ्या.

एक सवय मोडा: दाढीआधी खोबरेल तेल चोळू नका. तेलाने फेस बसतो, आणि ब्रशच्या बुंध्यात तेलकट राप साचतो तो वेगळाच. कातडी कोरडी पडत असेल तर दाढीनंतर तुरटी फिरवून, धुऊन, रात्री भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या तेलाचा, हलका हात लावा.

आता निगा. दाढी झाली की ब्रश वाहत्या पाण्याखाली धरा आणि बुंधा अंगठ्याने दाबून दाबून आतला फेस काढा. पाणी स्वच्छ यायला लागलं की झटका, कोरड्या टॉवेलवर पुढे-मागे पुसा, आणि बाथरूमच्या बाहेर ठेवा. खिडकीत, पंख्याखाली, कुठेही, पण बाथरूममध्ये नाही. उलटा टांगावा की सरळ उभा ठेवावा यावर लोक तासभर वाद घालतात. दोन्ही ठीक. नीट झटकलेल्या ब्रशात उतरून खाली जाण्याएवढं पाणी उरतच नाही, वारा लागला म्हणजे झालं. प्लास्टिकच्या बंद डबीत मात्र कधीही ओला घालू नका, प्रवासातसुद्धा. उकळतं पाणी टाळा, त्याने बुंध्याचा गोंद मऊ पडतो आणि जुडगा मुठीतून डुलायला लागतो.

आपल्याकडे श्रावणात महिनाभर दाढी न करणारे पुष्कळ आहेत. ब्रशच्या दृष्टीने हा सर्वांत वाईट महिना: बाहेर धो धो पाऊस, ब्रश आत पडून, आणि चवथीच्या आदल्या दिवशी घाईघाईने बाहेर काढला की बुंध्याशी काळे ठिपके. श्रावण पाळत असाल तर सुरुवातीलाच ब्रश धुऊन, दोन दिवस पंख्याखाली खडखडीत वाळवून, कागदात सैल गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवा. वास यायला लागला असेल तर कपभर कोमट पाण्यात एक चमचा पांढरं व्हिनेगर घालून दहा-पंधरा मिनिटं फक्त केस बुडवा, मग साध्या पाण्यात खळखळून धुवा. साबणाचा साचलेला थर यानेच सुटतो. स्वयंपाकघरातलं माडाचं रंगीत व्हिनेगर नको, पांढऱ्या टोकांना डाग पडतो. हे महिन्यातून एकदा, रोज नाही. आणि बुंध्यात काळे ठिपके खोलवर दिसले तर व्हिनेगरचा नाद सोडा आणि ब्रश टाकून द्या. तो चेहऱ्याला लावायच्या लायकीचा राहिला नाही.

ब्रश एकाचा एकच. बाप-लेकाने, भावा-भावाने वाटून घेऊ नये. ब्लेडचं बारीक कापलेलं कुणाला दिसतही नाही, पण रक्त ब्रशला लागतं. आमच्या खुर्चीवर मी फक्त सिंथेटिक ठेवतो ते याचमुळे. प्रत्येक गिऱ्हाइकामागे ब्रश बदलतो आणि वापरलेला जंतुनाशकात बुडवतो. डुकराचे केस हा मारा फार दिवस सोसत नाहीत. काही जण आपला ब्रश घेऊन येतात, त्याचा मला आनंदच होतो. सलूनमध्ये जाल तेव्हा न्हाव्याला विचारायला संकोच करू नका. जो चिडेल त्याच्याकडे परत जाऊ नका.

राहिली आजोबांची मूठ. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती हस्तिदंती रंगाची, बहुधा जुन्या प्लास्टिकची दिसते आणि धड आहे. अशा मुठीत नवा जुडगा बसवता येतो आणि तो सुटा जुडगा ऑनलाइन तीनशे-चारशेला मिळतो. आधी जुने केस कात्रीने बुंध्यापर्यंत कापून टाका. आत उरलेला गोंद आणि केसांचा बुडखा ड्रिलने हळूहळू, मधून कडेकडे कोरत काढावा लागतो. हात बसलेला नसेल तर लाकूडकाम करणाऱ्याकडे द्या, मूठ तापली तर जुनं प्लास्टिक वितळतं. खाच मोकळी झाली की तिचा व्यास मोजा आणि त्याच मापाचा जुडगा मागवा. २० मिमीची खाच असेल तर २० चाच, जबरदस्तीने २४ बसवायला जाऊ नका, कड फुटेल. खाच फार खोल असेल तर तळाशी खाचेच्या मापाच्या रबराच्या चकत्या घालून उंची जमवा. केसांचा बाहेरचा भाग त्या २० मिमीच्या जुडग्याला ४५ च्या आसपास राहिला की ठीक.

मूठ कामाची निघाली नाही तर कुंकळ्ळीला लाकडावर लाखेचं काम करणारे चितारी कारागीर आहेत, किंवा जरा पलीकडे सावंतवाडीला लाकडी खेळणी बनवणारे. चरकावर, म्हणजे लेथवर, मूठ काढून द्यायला त्यांना वेळ लागत नाही. जुडगा सोबत घेऊन जा म्हणजे खाच नेमकी मिळेल. फक्त लाखेचा रंग चढवू देऊ नका, गरम पाण्याने तो सुटतो. लाकूड कोरं घ्या आणि घरी पाणी न शिरणाऱ्या वॉर्निशचे तीन-चार हात द्या, खाचेच्या आतूनसुद्धा. जुडगा दोन भाग मिसळायच्या इपॉक्सीने चिकटवा, कडेला आलेला गोंद लगेच पुसा, आणि पूर्ण एक दिवस पाणी लावू नका. तोवर दाढी करायची झालीच, तर बोटं आहेतच.